आभाळाकडे बघत बसलेला कौन्सुल

रोमच्या इतिहासात माझा सगळ्यात लाडका माणूस म्हणजे सीझर नाही आणि सिसेरो हा वक्ता-पुढारी पण नाही, तो आहे बिब्युलस नावाचा एक पडेल गडी. इसवी सन पूर्व ५९ साली रोमचे दोन कौन्सुल, म्हणजे एका वर्षापुरते सगळ्यात वरचे अधिकारी होते, एक ज्युलियस सीझर आणि दुसरा हा. दोघांचा छत्तीसचा आकडा. सीझरने जमीनवाटपाचा कायदा आणला, बिब्युलस म्हणाला होऊ देणार नाही, तर भर फोरममध्ये, म्हणजे गावच्या मुख्य चौकात, त्याच्या डोक्यावर शेणाची टोपली ओतली गेली, त्याच्यापुढे चालणाऱ्या शिपायांच्या हातातले मानाचे दंड मोडले आणि कायदा पास झाला. मग याने काय करावं? घरी गेला, दार लावून घेतलं आणि वर्षाचे उरलेले जवळजवळ आठ महिने घरातूनच फर्मानं काढत बसला की मी सध्या आभाळात शकुन बघतोय.

ऐकायला येडपट वाटतं पण कायद्याच्या दृष्टीने तो बॉम्ब होता. कौन्सुलने शकुन बघतोय असं जाहीर केलं की त्या दिवशी लोकांची सभा भरवायची नाही, मतदान घ्यायचं नाही, घेतलंच तर ते बाद, असा तिथला नियम. म्हणजे बिब्युलसच्या हिशेबाने सीझरने त्या वर्षी केलेलं जवळपास सगळंच बेकायदा. सीझरने ढुंकून बघितलं नाही. रोमन लोक वर्षाला आकडा देत नसत, त्या वर्षीच्या दोन कौन्सुलांची नावं देत, तर गावातले टवाळ लोक त्या वर्षाला 'ज्युलियस आणि सीझरचं साल' म्हणायला लागले.

यात बरोबर कोण हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एकाने नियमाचा अर्थ पार ताणून तुटेपर्यंत नेला आणि दुसऱ्याने नियमच पायदळी तुडवला. आणि दोघंही म्हणणार की मी प्रजासत्ताक वाचवतोय.

प्राचीन रोम आणि आजची लोकशाही अशी तुलना सुरू झाली की आपण लगेच जोड्या लावायला बसतो, त्यांचं सिनेट आपलं सिनेट, त्यांचा व्हेटो (म्हणजे अडवायचा अधिकार) आपला व्हेटो. अमेरिकेने तर नावंच उचलली, सिनेट काय, कॅपिटॉल काय, त्यांच्या प्रतिनिधीगृहात सभापतींच्या मागच्या भिंतीवर झेंड्याच्या दोन्ही बाजूंना कुऱ्हाड बांधलेल्या काठ्यांच्या मोळ्या लावल्यात ना, ते तेच दंड, बिब्युलसचे मोडले ते. पण नावं जुळली म्हणून यंत्र जुळत नाही. सिनेटचंच घ्या. रोमचं सिनेट कोणी निवडून दिलेलं नव्हतं, जे आधी कुठल्या ना कुठल्या पदावर बसून आलेत ते तहहयात तिथे बसणार, आणि कागदोपत्री सिनेटला कायदा करायचा अधिकारच नव्हता, फक्त सल्ला द्यायचा. पण तो सल्ला शतकानुशतकं कोणी टाळला नाही. का टाळला नाही? तर तशी रीत नव्हती म्हणून. बास, एवढंच कारण.

आणि इथेच खरी गंमत आहे. रोमला संविधान नव्हतं. म्हणजे एका ठिकाणी लिहिलेलं, हे वाच आणि त्याप्रमाणे वाग, असं काही नव्हतं. सुटे कायदे होते आणि बाकी सगळं वाडवडिलांची रीत. कौन्सुल दोन का, तर एकाने आगाऊपणा केला तर दुसऱ्याने अडवावं. मुदत एकच वर्ष का, तर पदाची चटक लागू नये. मानाचे दंड एक महिना याच्याकडे आणि पुढचा महिना त्याच्याकडे. या सगळ्यामागे राजेशाहीची भीती होती, रोमन माणसाला 'राजा' ही शिवी वाटायची. आज आपल्याला एक पंतप्रधान असणं इतकं नॉर्मल वाटतं की समान अधिकाराचे दोन पंतप्रधान, एकमेकांना नाही म्हणू शकणारे, ही कल्पनाच करवत नाही. त्यांनी ते साडेचारशेच्या वर वर्षं चालवलं.

त्याहून भारी पद म्हणजे ट्रिब्यून. जुनी कथा अशी की ४९४ साली (इसवी सन पूर्व, पुढे प्रत्येक वेळी लिहीत नाही) कर्जाने पिचलेली सामान्य जनता, म्हणजे प्लेब लोक, गाव सोडून टेकडीवर जाऊन बसले, सरळ संपच, लढाईला येत नाही म्हणाले. त्यातून हे पद निघालं. ट्रिब्यूनने कुठल्याही अधिकाऱ्यासमोर उभं राहून 'व्हेटो' म्हणजे 'मी मनाई करतो' म्हटलं की काम थांबलं. त्याच्या अंगाला हात लावणारा देवाधर्माच्या दृष्टीने शापित, त्याला कोणीही मारलं तरी पाप नाही. ट्रिब्यूनने रात्री शहराबाहेर राहायचं नाही, घराचं दार दिवसरात्र उघडं ठेवायचं, कोण कधी मदत मागायला येईल सांगता येत नाही. चालता-बोलता स्टे ऑर्डरच म्हणा ना. आज हे काम कोर्ट करतं, फक्त कोर्टाचं दार रात्री उघडं नसतं आणि वकील लागतो. (अपवादाने मध्यरात्री सुनावण्या झाल्यात, माहितीये.)

मतदान मात्र ऐकलं की आपली लोकशाही एकदम गोड वाटायला लागते. कौन्सुल निवडायची जी सभा होती त्यात नागरिकांचे १९३ गट होते आणि प्रत्येक गटाचं एक मत. गट पडायचे संपत्तीवर. जुन्या रचनेत घोडेस्वारांचे १८ आणि सगळ्यात श्रीमंत वर्गाचे ८० मिळून झाले ९८, आणि बहुमताला हवेत ९७. झालं! श्रीमंतांनी एकी केली तर खालच्यांचा नंबरच यायचा नाही, कारण मतदान वरून सुरू व्हायचं आणि बहुमत झालं की थांबवायचे. ज्यांच्याकडे काहीच नाही अशा सगळ्या लोकांना मिळून गट किती? एक. तोही शेवटी. नंतर रचना थोडी बदलली पण झुकाव तोच राहिला. आणि उमेदवार बघायचा, मत टाकायचं तर स्वतः रोमलाच जायचं, दुसरीकडे कुठेही बूथ नाही. सगळ्या इटलीला नागरिकत्व मिळालं ते एक मोठं युद्ध होऊन, ९१ ते ८८ मध्ये, पण दक्षिण टोकाच्या शेतकऱ्याने नांगर सोडून शेकडो मैल चालत येऊन मत द्यावं अशी अपेक्षा. प्रतिनिधी निवडून पाठवायचा ही साधी आयडिया त्यांच्या डोक्यात का आली नाही याचं मला नेहमी नवल वाटतं.

तरी लगेच नाक मुरडू नका. अमेरिकेच्या सिनेटमध्ये पावणेसहा-सहा लाख वस्तीच्या वायोमिंगला दोन जागा आणि पावणेचार-चार कोटींच्या कॅलिफोर्नियाला पण दोनच. आपल्याकडे लोकसभेच्या जागा राज्याराज्यात वाटल्यात त्या १९७१ च्या जनगणनेवर, कारण ज्यांनी लोकसंख्या आटोक्यात ठेवली त्यांना शिक्षा नको. हेतू चांगला आहे, पण राज्य बदललं की एका मताचं वजन बदलतं हे खरंच आहे. रोमन लोक निदान तोंडावर सांगत होते की तुझ्याकडे पैसा नाही म्हणून तुझं मत हलकं.

गुप्त मतदान त्यांच्याकडे १३९ मध्ये आलं. त्याआधी तोंडाने सांगायचं, म्हणजे मालक शेजारी उभा आणि तुम्ही त्याच्यासमोर मत सांगताय. मग मेण लावलेल्या लाकडी पाट्या आल्या. कायद्यावर मत असेल तर त्यावर 'व्ही' लिहायचं, म्हणजे 'तू म्हणतोस तसं', किंवा 'ए' लिहायचं, म्हणजे 'जुनंच राहू दे'. मला ही 'जुनंच राहू दे' वाली पाटी फार आवडते, विरोध असाच असतो बहुतेक वेळा. मतदार एका अरुंद फळीवरून चालत जाऊन पाटी टोपलीत टाकायचा, आणि त्या फळीवर बडे लोक उभे राहून वाकून वाकून पाटीत बघायचे, म्हणून ११९ मध्ये मारियस नावाच्या ट्रिब्यूनने कायदाच केला की फळ्या अजून अरुंद करा, बाजूला उभं राहायला जागाच ठेवू नका. निवडणूक सुधारणा म्हणजे काय तर फळीची रुंदी! आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी होती आणि पेटीवर चिन्ह, वाचता न येणाऱ्यांनी पण बिनचूक मत टाकावं म्हणून. त्याच जातीचं डोकं आहे हे, फळी कापणारं.

बायकांना रोममध्ये मत नव्हतंच. स्वतःचं म्हणावं असं नाव पण नव्हतं, बाप कॉर्नेलियस तर पोरगी कॉर्नेलिया, दुसरी झाली तर ती पण कॉर्नेलिया. हसू नका कारण आपल्या त्या पहिल्या निवडणुकीत काही भागांतल्या बायकांनी यादीत स्वतःचं नाव सांगितलंच नाही, अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच. निवडणूक आयोग अडून बसला की नाव पाहिजेच, आणि अशा साधारण २८ लाख बायकांची नोंद शेवटी यादीत राहिली नाही. क्रूर वाटतं पण आयोगाचं बरोबर होतं असं मला वाटतं. मत माणसाला असतं, कोणाच्या आईला नसतं.

पैशाचं थोडक्यात. रोममध्ये पदाला पगार नाही, उलट निवडून यायला खेळ, जेवणावळी, ग्लॅडिएटर यावर स्वतःचा खर्च, मग पुढे एखादा प्रांत मिळाला की तिथे वसूल करायचा. सिसेरोच्या एका पत्रात आहे की ५४ सालच्या निवडणुकीत लाच वाटायला इतकी उचल झाली की व्याजाचा दर ४ टक्क्यांवरून थेट ८ वर गेला. निवडणुकीतली लाच रोखायचे कायदे ढिगाने होते, दर काही वर्षांनी नवा आणि आधीच्याहून कडक, म्हणजे आधीचा चालला नाही हे आपोआप कळतंच. आपल्याकडे मोठ्या राज्यात लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांची मर्यादा आणि पक्षाला मर्यादाच नाही. पुढे चला.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. टायबेरियस ग्राकस. वर जिचं नाव आलं तसल्याच एका कॉर्नेलियाचा मुलगा, १३३ सालचा ट्रिब्यून. सरकारी जमीन बड्या लोकांनी दाबून ठेवलेली, त्यावर ५०० युगेराची मर्यादा घालायची, म्हणजे साधारण ३०० एकर, वरची जमीन काढून भूमिहीनांना द्यायची. आपल्या सीलिंगचाच, म्हणजे कमाल जमीनधारणेच्या कायद्याचाच भाऊ. मर्यादा जुनीच होती, कोणी पाळत नव्हतं एवढंच. लोक त्याच्या बाजूने, पण ऑक्टेव्हियस नावाच्या दुसऱ्या ट्रिब्यूनने उभं राहून व्हेटो टाकला. गरिबांना वाचवायला निर्माण झालेलं हत्यार गरिबांच्याच कायद्यावर चाललं, आणि तेही नियमात बसून.

टायबेरियसने काय केलं, तर ऑक्टेव्हियसला पदावरूनच काढायचा ठराव लोकांपुढे टाकला. हे असं कधीच झालेलं नव्हतं. करू नये असा कायदा होता का? नव्हता. कोणाला सुचलंच नव्हतं. ही सभा वर सांगितलेल्या १९३ गटांची नव्हे, इथे नागरिकांच्या ३५ टोळ्या, म्हणजे भागवार गट, आणि प्रत्येकीचं एक मत, म्हणजे १८ ला बहुमत. १७ टोळ्यांनी ऑक्टेव्हियसच्या विरोधात मत दिलं तेव्हा टायबेरियसने मतदान थांबवलं, त्याच्याजवळ गेला, विनवण्या केल्या, अजून वेळ गेलेली नाही, मागे घे. तो नाही म्हणाला. मग अठरावी टोळी.

हा क्षण मी कितीतरी वेळा डोक्यात फिरवून बघितलाय. लोकशाहीच्या बाजूने बघितलं तर काय चूक आहे, लोकांनी निवडला, लोकांच्या विरोधात गेला, लोकांनी काढला. पण एकदा हा पायंडा पडल्यावर कुठल्याच ट्रिब्यूनच्या व्हेटोला अर्थ राहिला नाही, कारण जो बहुमताला अडवेल त्याला बहुमत काढून टाकणार. मग टायबेरियसने पुढच्या वर्षासाठी परत उभं राहायचं ठरवलं, हा आणखी एक शिरस्ता मोडला. सभेत गोंधळ सुरू झाला, आवाज पोचेना म्हणून जीव धोक्यात आहे हे सांगायला त्याने डोक्याला हात लावला, तर विरोधक सिनेटकडे पळत गेले की बघा, मुकुट मागतोय. कौन्सुल म्हणाला मी बेकायदा हिंसा करणार नाही. तेव्हा नासिका नावाचा मुख्य पुरोहित उठला, सोबत सिनेटरांचा घोळका, आणि मोडक्या बाकांचे पाय हातात घेऊन त्यांनी टायबेरियसला आणि त्याच्या ३०० च्या वर माणसांना मारून टाकलं, रात्री मढी टायबर नदीत फेकली. अंगाला हात लावायचा नाही असा तो ट्रिब्यून. पायंडे दोन्हीकडून पडत गेले, आणि त्यातला शेवटचा सगळ्यात महाग होता, कारण त्यानंतर रोमच्या राजकारणात मारून टाकणं हा एक उपलब्ध पर्याय झाला. बारा वर्षांनी त्याच्या धाकट्या भावाचं, गायसचं पण तेच झालं.

आता याच्याशेजारी आपलं १९५१ ठेवा. बिहारने जमीनदारी मोडायचा कायदा केला, पाटणा हायकोर्टाने मार्चमध्ये तो घटनाबाह्य ठरवला. अगदी ऑक्टेव्हियसचा सीन, लोकांना हवा असलेला जमिनीचा कायदा आणि मध्ये उभं राहिलेलं एक 'नाही'. नेहरूंच्या सरकारने न्यायाधीशांना हात नाही लावला, घटनाच दुरुस्त केली, पहिली दुरुस्ती, त्यात नववं परिशिष्ट आणलं, त्यात टाकलेल्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या नावाने कोर्टात आव्हान देता येणार नाही. ठरलेल्या रस्त्याने केलं, संसदेत चर्चा होऊन केलं, कोणाचं डोकं फुटलं नाही. हा फरक मला खूप मोठा वाटतो, लिहिलेल्या संविधानाचा खरा फायदा हाच की नियम बदलायचा पण एक नियम असतो. पण पायंडा तिथेही पडलाच बरं का. सुरुवातीला त्या परिशिष्टात १३ कायदे होते, वाढत वाढत २८४ झाले आणि सगळे काही जमिनीचे नव्हते. शेवटी २००७ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की १९७३ नंतर यात टाकलेले कायदे आम्ही तपासून बघू शकतो.

हुकूमशहाचं पण असंच. 'डिक्टेटर' हे रोममध्ये कायदेशीर पद होतं, संकट आलं की एकाच्या हातात सगळं द्यायचं, मुदत जास्तीत जास्त सहा महिने. सिनसिनाटसची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, नांगर टाकून आला, लढाई जिंकली, सोळाव्या दिवशी पद सोडून परत शेतावर. मग ८२ मध्ये सुल्ला नावाचा सेनापती आला आणि मुदतीचा मुद्दाच काढून टाकला, आणि ४४ मध्ये सीझर तर कायमचाच डिक्टेटर झाला, मग त्याचा खून झाला हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. आपली १९७५ ची आणीबाणी २१ महिने चालली. त्यानंतर १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने काय केलं, तर 'अंतर्गत अशांतता' हे ढगळ कारण काढून 'सशस्त्र उठाव' टाकलं, मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी पाहिजे म्हटलं, आणि दर सहा महिन्यांनी संसदेची मंजुरी परत घ्यायची. सहा महिने! दोन हजार वर्षं फिरून आपण त्याच आकड्यावर. कोणी रोम बघून घातला असेल असं नाही, बहुधा माणसाच्या भीतीचं माप तेवढंच असावं.

आणि म्हणून कोणी म्हणालं की आपल्याकडे सगळं लिहून ठेवलंय, आपण रोमसारखे नाही, तर मी थोडा थांबतो. अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन याने दोन टर्मनंतर पद सोडलं ती नुसती रीत होती, ती १९४० मध्ये रूझवेल्टने मोडली तेव्हा कुठे १९५१ मध्ये लिहून टाकली. राष्ट्रपतींनी विधेयकावर किती दिवसांत सही करायची हे आपल्या घटनेत नाही, म्हणून १९८६ च्या पोस्टाच्या विधेयकावर ग्यानी झैलसिंग यांनी ना सही केली ना ते परत पाठवलं, नुसतं ठेवून दिलं, अगदी बिब्युलस स्टाईल, आणि त्या वेळी ते चांगलंच झालं कारण त्या विधेयकात लोकांची पत्रं उघडायचा अधिकार होता. लोकसभेचा उपाध्यक्ष 'शक्य तितक्या लवकर' निवडावा असं घटनेत लिहिलंय, लिहिलंय हं, तरी २०१९ ते २०२४ ची अख्खी सतरावी लोकसभा उपाध्यक्षाशिवाय संपली. अमेरिकेत २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी सुप्रीम कोर्टासाठी सुचवलेल्या न्यायाधीशाची सिनेटने २९३ दिवस सुनावणीच घेतली नाही. कुठलाच नियम मोडला नाही. आभाळाकडे बघत बसले फक्त.

बाबासाहेबांनी घटनेचा मसुदा मांडताना, ४ नोव्हेंबर १९४८ ला, हेच सांगून ठेवलंय की घटनेचा एक शब्दही न बदलता, फक्त कारभाराची पद्धत बदलून ती पार विकृत करता येते. त्यांच्या डोळ्यासमोर तेव्हा रोम होतं की नाही देव जाणे, पण मला ते वाक्य वाचलं की दर वेळी ऑगस्टस आठवतो. सीझरचा दत्तक मुलगा. त्याने काहीच बंद केलं नाही. सिनेट चालू, कौन्सुलांच्या निवडणुका चालू, डिक्टेटर हे पद तर त्याने लोकांनी देऊनही नाकारलं. फक्त २३ साली त्याने ट्रिब्यूनचा अधिकार स्वतःकडे घेतला, पद नाही, नुसता अधिकार, कारण पद फक्त प्लेब लोकांसाठी आणि तो खानदानी वर्गातला, ट्रिब्यून होताच आलं नसतं. टेकडीवर संपाला बसलेल्या कर्जबाजारी लोकांनी मिळवलेला तो अधिकार. पुढचे सम्राट आपल्या राज्याची वर्षं त्यावरच मोजायचे, त्यांच्या नाण्यांवर डोक्याभोवती गोल अक्षरांत कोरलेलं असतं, ट्रिब्यूनच्या अधिकाराचं अमुक अमुक वर्ष.